एमआरआयमध्ये 'पार्शल टिअर' आलंय, तरी व्यायामच करायचा?

फळा_खडू
वय ५२, साताऱ्याजवळच्या शाळेत गणित शिकवते. अडीच महिने उजवा खांदा दुखतोय. हात खाली असला की काही नाही. फळ्याच्या वरच्या ओळीत लिहायला गेले की बाहेरच्या कडेला कळ येते, आणि हात पूर्ण वर गेला की ती कमी होते. त्या कुशीवर झोपता येत नाही. एमआरआयमध्ये सुप्रास्पायनेटस टेंडनला (खांद्याच्या वरचा स्नायू हाडाला जोडणारा पट्टा) पार्शल टिअर, म्हणजे अर्धवट फाटल्याचं, आलंय. डॉक्टरांनी चार व्यायाम कागदावर लिहून दिले, तीन महिन्यांनी या म्हणाले. पण उसवलेली शिवण आपण ओढून बघतो का? कुणी केलंय का हे?

आजीचा_बटवा
निर्गुडीचा पाला गरम करून बांधा आणि हात गळ्यात अडकवून पंधरा दिवस आराम.

पुट्टीवाला
ताई, शेक घ्या, पण हात गळ्यात बांधू नका. मी तेच करून बसलो होतो.

२६ वर्षं रंगकाम करतोय. सिलिंगला रोलर मारून मारून खांदा गेला. तीन आठवडे झोळी बांधली. रोजी बुडाली ती बुडालीच, वर खांदा असा आखडला की बनियन चढवायला बायको लागायची. मग फिजिओकडे गेलो. पोरगी माझ्या लेकीएवढी. म्हणाली, "काका, टेंडन म्हणजे कापड नाही, जिवंत आहे ते. भार दिला तरच भार पेलायला शिकतं. फक्त मोजून द्यायचा."

सुरुवातीला हात हलवायचाच नाही. कोपर अंगाला चिकटवून मनगटाची मागची बाजू भिंतीवर दाबायची, अर्धा मिनिट, पाच वेळा. मग चांगल्या कुशीवर झोपून, कोपराखाली टॉवेलची घडी ठेवून मूठ वर उचलायची. आधी रिकाम्या हाताने, मग अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली, मग एक लिटरची. ओढायच्या व्यायामाचा रबरबँड विकत नाही आणला. पंक्चरवाल्याकडून जुनी सायकलची ट्यूब आणली, उभी कापली आणि खिडकीच्या गजाला बांधली. डोक्याच्या वर हात नेणारे व्यायाम सहाव्या आठवड्यानंतर.

तिचा नियम असा: करताना दहापैकी तीन-चार दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या सकाळपर्यंत उतरलं पाहिजे. नाही उतरलं तर बाटली हलकी करायची.

चौथ्या आठवड्यात बरं वाटलं म्हणून मी एका दिवसात दोन खोल्यांचं सिलिंग काढलं. तीन रात्री बसून काढल्या आणि परत अर्ध्या लिटरवर आलो. कामावर नीट उभा राहायला चार महिने लागले. आता रोलरला लांब दांडा लावतो, म्हणजे हात छातीच्या वर जात नाहीत. तुम्हीही फळ्याच्या खालच्या अर्ध्यावर लिहा, पोरांना काय फरक पडतो!

फिजिओ_सोलापूर
पुट्टीवाले, उत्तम लिहिलंत. थोडी भर घालतो. पन्नाशीच्या पुढे खांदा अजिबात न दुखणाऱ्यांच्याही एमआरआयमध्ये असे टिअर सापडतात, त्यामुळे रिपोर्ट वाचून घाबरू नका. अशाच दुखण्यात दुर्बिणीतून हाड घासतात, पण २०१८ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या ब्रिटिश अभ्यासात खरी आणि लुटुपुटूची शस्त्रक्रिया यांच्यात म्हणावा असा फरक दिसला नाही. तिथेच २०२१ साली ७०८ रुग्णांचा दुसरा अभ्यास आला. फिजिओकडे सहा खेपा घातलेले आणि एकदाच नीट शिकून घरी व्यायाम केलेले, वर्षाभराने जवळपास सारखेच. इंजेक्शनने सुरुवातीला थोडा आराम, पुढे नाही. म्हणजे कागदावरचे चार व्यायाम ही तुमची बोळवण नव्हे. मात्र ते एकदा कुणाला तरी समोर करून दाखवा.

दुसऱ्याने धरूनही तुमचा हात बाहेर वळत नसेल, तर ते आखडलेल्या खांद्याचं दुखणं असू शकतं, मधुमेहींमध्ये विशेषतः. पडल्यानंतर हात अचानक उचलेनासा झाला, तर तीन महिने थांबायचं नाही.

फळा_खडू
शुगर नाही, पडलेही नाही, आणि हात बाहेर वळतो. आज भिंतीला दाबून पाहिलं, दुखणं तीनवर होतं. आता उद्या सकाळी कळेल. ट्यूब कसली घेऊ?

पुट्टीवाला
कसलीही. साबणाने धुऊन टाल्कम पावडर चोळा, नाहीतर साडीला काळं लागेल.