माम टॉर: पूर्वेच्या अंगाने जा
इंग्लंडच्या पीक डिस्ट्रिक्टमधली माम टॉर म्हणजे फरसबंद पायऱ्यांनी वीस मिनिटांत संपणारी टेकडी, असं म्हणतात, ते त्या वाटेपुरतं खरं आहे. उंची जेमतेम ५१७ मीटर. पण पूर्वेचं ढासळलेलं अंग बघायला कॅसलटन गावाकडून जुन्या रस्त्याने चालत जा. तिथे वालुकाश्माखाली शेल, म्हणजे चिखलाच्या थरांचा ठिसूळ खडक आहे. हिवाळ्यात पाणी मुरलं की उतार सरकतो. पुन्हा पुन्हा दुरुस्त्या करून शेवटी १९७९ साली तो रस्ता वाहनांना कायमचा बंद केला.

आम्ही गेलो तेव्हा रस्त्यावरची पांढरी रेघ चालता चालता एकदम कमरेएवढी खाली गेली. तुटलेल्या कडेला डांबराचे थर एकावर एक दिसतात, मुलगी ते बोटाने मोजत बसली होती. विनॅट्स पासची चुनखडीची खिंड तिथून जवळच आहे, तीही चुकवू नका.