मदत हवी आहे: घरची मारुती एस्टीम ड्रॅगला (सरळ रेषेतल्या शर्यतीला) पळवायचीय, टर्बो आधी का इंजिन आधी?

राम राम मंडळी, जालन्याहून लिहायलोय. अण्णांची २००३ ची एस्टीम, १३०० सीसी एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शनवाली), आता माझ्याकडं आहे, दिली ती एकाच अटीवर की एसी काढायचा नाही. मागच्या हिवाळ्यात दोस्तांसोबत एका ड्रॅग इव्हेंटला गेलो, रीतसर धावपट्टी, दिवे, हातात छापील स्लिप, आणि तिथंच डोकं फिरलं. ४०२ मीटरला माझे १८.४ सेकंद. आमच्या ग्रुपातलं रेकॉर्ड एका काम केलेल्या सिटी व्हीटेकचं आहे, १५.१, ते मोडायचंय बस्स.

गाडीतून अजून काहीच काढलेलं नाही. मामाच्या जिनिंगमधल्या कापसाच्या काट्यावर चढवली (काटेवाला म्हणला, यात कापूस कुठंय?), मी बसून ९४० किलो भरली, नुसती पुढची चाकं घेतली तर ५८०.

आता खरं दुखणं. इव्हेंटच्या आधी एका मिस्त्रीकडून हेड (सिलिंडरवरचं झाकण) घासून घेतलं, तो म्हणला कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) वाढलं की गाडी उडते. उडायचं सोडा, तेव्हापासून थर्डला फुल दाबलं की बोनेटखाली ज्वारीच्या लाह्या फुटल्यासारखं तडतड वाजतंय. प्लग काढून बघितला तर पांढऱ्या चिनीमातीवर मिरपूड सांडल्यासारखे काळे ठिपके, उन्हात धरला तर एकदोन चमकले पण. मिस्त्री म्हणतो पेट्रोलच खराब आहे.

दीड लाख जमवलेत. एक जण म्हणतो टर्बो (इंजिनात जोरानं हवा कोंबणारा पंखा) बसव, दुसरा म्हणतो जुन्या बलेनोचं १६०० चं इंजिन टाक. तुम्ही काय कराल? आणि समृद्धीवर टेस्ट कर म्हणून कृपया कोणी सांगू नका, तिथं १२० ची लिमिट आहे आणि मला संध्याकाळी घरी जेवायला जायचं असतं.

जुना_कार्बुरेटर: दीड लाख खिशातच राहू दे भाऊ. स्लिपवर पहिल्या ६० फुटाचा टाइम आणि शेवटचा स्पीड असतो, तो टाक आधी.

धागाकर्ता: ६० फूट २.७ सेकंद, स्पीड १२२.

जुना_कार्बुरेटर: हां, आता बोलू. एक अंदाजाचा हिशोब आहे, ड्रायव्हरसकट वजन किलोत घ्यायचं, त्याला घोड्यांनी (हॉर्सपॉवरनं) भागायचं, आलेल्या आकड्याचं घनमूळ काढायचं आणि ७.५८ नं गुणायचं. तुझे ९४० किलो आणि कंपनीचे ८५ घोडे धरले तर १६.९ सेकंद येतात, आणि शेवटचा स्पीड १३० च्या आसपास यायला पाहिजे. तुझा १२२ आलाय. स्पीड हा घोड्यांचा साक्षीदार असतो, लाँच (सुरुवातीला गाडी सोडणं) थोडं चुकलं तरी तो फार हलत नाही, आणि १२२ म्हणजे गाडीत जेमतेम ७० घोडे धावायलेत. ७० वर हिशोब केला तर १८.० येतात. वरचे ०.४ तू लाँचला घालवलेस. म्हणजे दीड सेकंद हरवलाय आणि तू वर टर्बो चढवायला निघालास! त्या प्लगवरचे चमकणारे कण पिस्टनचं ॲल्युमिनियम असतं रे. नॉकिंग होतंय ते, म्हणजे पेट्रोल नीट जळायच्या ऐवजी स्फोटासारखं पेटतंय. असल्या इंजिनावर बूस्ट (टर्बोचा दाब) दिला तर पिस्टनच फुटेल.

पेट्रोलचं म्हणशील तर मिस्त्री अगदीच खोटं बोलत नाही. आपल्याच उसाचं इथेनॉल २० टक्के मिसळलेलं असतं, त्यानं ऑक्टेन (नॉकिंग सोसायची ताकद) वाढतो, पण त्याला हवेच्या मानानं पेट्रोल जास्त लागतं. हळू चालवताना ऑक्सिजन सेन्सर बघून ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) सांभाळून घेतो, फुल दाबल्यावर मात्र जुन्या ठरलेल्या मापानंच सोडतो आणि मिश्रण लीन होतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. तरी मूळ चूक हेडची. हेड खाली आलं की टायमिंग बेल्टचं गणित बदलतं, कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) मागं राहतो, त्यात एखादा दात चुकला असला तर विचारूच नको. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोज.

लाँचचं सांगतो. एस्टीम पुढच्या चाकावर ओढते, गाडी उसळली की वजन मागं जातं, तुझ्या ५८० मधलं बरंच पुढून उठतं आणि साध्या डिफरन्शियलमुळं (दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरमुळं) एकच चाक जागेवर घासत बसतं. चांगले मऊ टायर घे, मागची स्प्रिंग कडक कर, क्लच ४००० वर धाडकन सोडू नको, हळू पकडू दे. ६० फुटात ०.३ वाचले की शेवटी जवळपास अर्धा सेकंद मिळतो. मग मागचं सीट, स्टेपनी, जे निघेल ते काढ. तुझ्यासकट ८५० किलोवर आली तर १५.१ ला साधारण १०८ घोडे लागतात, ते कॅम, हेडर (एक्झॉस्टचे मोकळे पाईप) आणि नीट ट्यूनिंगवर निघतील, टर्बोशिवाय. बलेनोचं इंजिन कागदावर ९४ चं, टॉर्क चांगला आहे, पण इंजिन नंबर आरसीवर चढवायला आरटीओचे खेटे घालावे लागतील. एसी राहू दे, इव्हेंटच्या दिवशी फक्त बेल्ट उतरव, अण्णांची अटही मोडत नाही.

धागाकर्ता: गेज मागून आणला. १५, १५, ११, १५. तिसऱ्यात घोळ आहे ना?

जुना_कार्बुरेटर: आहेच. प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोड आणि परत मोज. ११ चे १४ झाले तर रिंग गेली, नाही वाढले तर व्हॉल्व्ह नाहीतर गॅस्केट. आकडा इथंच टाक.

धागाकर्ता: टाकलं. ११ चे ११ च. हेड उघडायलोय, मिस्त्री दुसरा.