रेफरल म्हणजे वशिला नव्हे

'ओळखीने नोकरी म्हणजे शेवटी वशिलाच' असं काहीजण म्हणतात, ते मला पटत नाही. वशिल्यात मुलाखत नावापुरती असते. रेफरलमुळे, म्हणजे कंपनीतल्या ओळखीच्या माणसाने तुमचं नाव सुचवल्यामुळे, तुमचा सीव्ही ढिगातून वर येतो, इतकंच; पुढचं तुमचं तुम्ही निभवायचं.

आणि फक्त जवळच्या मित्रांना विचारत बसू नका. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ सालीच दाखवलंय की, ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी जेमतेम १७ टक्क्यांना ती नेहमी भेटणाऱ्या माणसाकडून कळली होती. निम्म्याहून अधिकांना अधूनमधून भेटणाऱ्याकडून. साहजिक आहे, रोजच्या मित्राला साधारण तुमच्याइतकंच ठाऊक असतं. तेव्हा जुना टीम लीड, आधीचा क्लायंट, कॉलेजचे सीनियर यांना लिहा.

पण 'काही असेल तर सांगा' असं मोघम नको (त्यावर 'हो, नक्की' याखेरीज कोण काय बोलणार!). जॉब आयडी (कंपनीने त्या जागेला दिलेला क्रमांक), सीव्ही आणि त्या कामाला तुम्ही का योग्य आहात याच्या दोन ओळी द्या, म्हणजे समोरच्याला तसंच पुढे पाठवता येतं. कंपनीच्या भरती पोर्टलवर मात्र आधी स्वतः अर्ज टाकू नका. बऱ्याच आयटी कंपन्यांत मग काही महिने रेफरल धरलंच जात नाही.