मदत हवी आहे: भाचीच्या डोळ्यामागे गाठ, मुंबईला नेतोय

नमस्कार. आम्ही गोव्यातल्या डिचोलीचे. माझ्या सहा वर्षांच्या भाचीचा डावा डोळा थोड्याच आठवड्यांत पुढे आला, पापणी सुजली. बांबोळीला, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, एमआरआय झाला. डोळ्याच्या खोबणीत गाठ आहे, रॅब्डोमायोसार्कोमाची, म्हणजे लहान मुलांना होणाऱ्या स्नायूपेशींच्या कॅन्सरची शंका. नक्की बायोप्सीनंतरच कळेल. तसं निघालं तरी केमो आणि रेडिएशनने बरीच मुलं बरी होतात, डोळा काढावाच लागतो असं नाही, असं डॉक्टर म्हणाले. ताई त्याच आधारावर उभी आहे.

परळच्या टाटा रुग्णालयात मूल नेलेल्या कुणी सांगाल का? बायोप्सीच्या स्लाइड आणि ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) दोन्ही न्यायचे का? मायलेकींना जवळपास राहायची सोय कुठे होईल? रेडिएशनच्या वेळी एवढ्या लहान मुलांना भूल देतात का? नजरेवर पुढे काय परिणाम झाला, तेही स्पष्ट सांगा. घरगुती औषधं मात्र कृपया सुचवू नका.