तसबिरीची चौकट घरी कुणी केली आहे का? अनुभव लिहा

केतकी
काल माळा आवरताना पणजीच्या देवघरातली लक्ष्मी सापडली. रविवर्मा प्रेसची छपाई. काच शाबूत, साडीचा लाल अजून झळझळीत, पण सागवानी चौकटीच्या खालच्या पट्टीचं पार पीठ झालंय. हा छापखाना १८९४ मध्ये गिरगावात सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, एवढं वाचलंय. फ्रेमवाल्याने सोनेरी सिंथेटिक पट्टी दाखवली, मन होईना. बाबा गॅलरीत बसून रंधा मारायचे, सागाच्या कुरळ्या ढलप्या आम्ही कानात अडकवायचो. त्यांची हत्यारं अजून आहेत. ही चौकट मी स्वतः करणार. ज्यांनी केलीय त्यांनी जमेल तसं, जमेल तेवढं लिहा.

शिरीष_सातारा
नक्की करा ताई. आधी मापाचं सांगतो. दहा बाय आठचं चित्र आणि दीड इंची पट्टी असेल तर चारी बाजू मिळून चार फूट लाकूड लागतं. करवतीची झीज धरून साडेचार घ्या. काच बसायला आतून पाव इंचाची खाच हवी. ती हाताने मारणं जड जातं, वखारीत मशिनवर मारून मिळते.
समोरासमोरच्या दोन पट्ट्या केसभरसुद्धा लहानमोठ्या नकोत. दोन्ही एकत्र उभ्या करून वरून बोट फिरवायचं. डोळ्याला दिसत नाही ते बोटाला कळतं. ४५ अंशाचा काप थोडा इकडेतिकडे झाला तर कानशीने सावरता येतो, लांबी कमी झाली की संपलं.

मेघना
बाई गं, त्या ढलप्या! आम्ही त्यांच्या बांगड्या करायचो.

रानवारा
शिकंजे (क्लॅम्प) विकत घेऊ नका. चारी कोपऱ्यांना पुठ्ठा, भोवती सुतळीचे दोन वेढे, मध्ये पेन्सिल घालून पीळ द्या. पीळ वाढेल तसे चारी सांधे एकदम मिटतात, बघत राहावंसं वाटतं. मग दोन्ही कर्ण मोजा. सारखे आले की रात्रभर हात लावायचा नाही.

मेघना
सुतळी फेविकॉलला चिकटत नाही का? (कुकर लावलाय, येतेच.)

रानवारा
पुठ्ठ्याखाली प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा ठेवायचा. आणि तिरक्या कापावर फेविकॉलचा पहिला हात लाकूड पिऊन टाकतं. पातळ हात देऊन पाच-दहा मिनिटं थांबा, मग दुसरा द्या. सांध्याची सगळी ताकद त्यात आहे.

अनिकेत_म्युनिक
इथे थंडीत हीटिंगमुळे हवा फार कोरडी होते. मुलीच्या पहिल्या चित्रासाठी ओकची फ्रेम केली, जानेवारीत सांधे आतल्या बाजूने उघडले. आईकडे रत्नागिरीला जुन्या फ्रेमांचे सांधे पावसाळ्यात बाहेरच्या टोकाला उघडतात. लाकूड रुंदीत फुगतं-आकसतं, लांबीत जवळजवळ नाहीच, म्हणून असं होतं. पट्टी जेवढी रुंद तेवढी फट मोठी. अरुंद पट्टी घ्या, लाकूड मुरलेलं घ्या.
मुलगी आता कॉलेजला गेली, ती फ्रेम सोबत घेऊन गेली.

वैशाली
अनिकेत, शेवटची ओळ वाचून डोळे भरले रे.

नंदूकाका
केतकी, पीठ झालंय म्हणतेस म्हणून विचारतो. टाचणीएवढी गोल भोकं आहेत का? असतील तर ती वाळवी नव्हे, लाकूड पोखरणारा भुंगेरा. वाळवी मातीचे बोगदे करते. भुंगेरा असेल तर ते लाकूड आधी घराबाहेर काढ आणि देवघराचा पाटही तपास.

केतकी
काका, हो! भोकंच आहेत. पाट बघते आत्ताच.

शुभदा_नागपूर
मी सासऱ्यांच्या फोटोसाठी केली. लाकूड त्यांच्याच मोडक्या झोपाळ्याच्या फळीचं. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवली, कापसाची पुरचुंडी सुती फडक्यात बांधून हात दिले. प्रत्येक हातानंतर पॉलिश पेपर. चौथ्या-पाचव्या हाताला सागाच्या रेघा आतून उजळल्यासारख्या वर आल्या. सासूबाई तिथेच खुर्ची टाकून बसल्या होत्या. पावसात मात्र हे करू नका, हवेतल्या ओलीने पांढरट झाक येते.

शिरीष_सातारा
ताई, छपाई मागून चिकटवू नका, कुणी कितीही सांगितलं तरी. आणि काचेला टेकू देऊ नका. मध्ये माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची कड, हवा, नाहीतर दमट हवेत कागद काचेला धरतो आणि सोडवताना रंग निघतो. तुमच्याकडची काच काढताना हेच आधी बघा.

मेघना
पुण्यात हार्डवेअर बोहरी आळीत मिळेल, पण खरं सागवान सुटं कुठे मिळतं? माझ्याकडे आईचं क्रोशाचं काम पडून आहे.

रानवारा
सुटं शोधू नका. जुन्या वाड्यांची दारं-खिडक्या मोडीत निघतात ना, तिथल्या चौकटी बघा. खिळे तेवढे सगळे उपटून घ्या, एक राहिला तरी रंध्याचं पातं जातं.

केतकी
पाट ठीक आहे काका! शेजारच्या पेटीला मात्र भोकं आहेत. बाजाची पेटी आहे हो, काय करू?

नंदूकाका
पेटीला घरी काही लावू नकोस. पेटी दुरुस्त करणाऱ्याला बोलव. तोवर वेगळ्या खोलीत, खाली पांढरा कागद अंथरून ठेव. ताजं पीठ पडलं तर किडा जिवंत आहे.