१०-०चं कौतुक जरा बेताने

तुमच्या हायस्कूलचा अमेरिकन फुटबॉलचा संघ १०-० आहे, म्हणजे दहाच्या दहा सामने जिंकलाय, म्हणून प्लेऑफच्या (बाद फेऱ्यांच्या) पहिल्याच फेरीत आम्हाला गुंडाळणार, हे वरच्या पोस्टमधलं गणित काही पटलं नाही. त्या दहांतले निम्मे संघ नुसते हजेरी लावायला आले होते! क्वार्टरबॅक (चेंडू फेकून चढाई चालवणारा) मात्र भारी आहे तुमचा, मान्य.

पण चार क्वार्टरनंतर बरोबरी राहिली तर? टेक्ससमध्ये हायस्कूल फुटबॉलही कॉलेजच्या नियमांनी खेळतात, त्यामुळे जादा खेळात चेंडू गोलरेषेपासून २५ यार्डांवरून मिळतो. बहुतेक राज्यांत १० वरून. तिथून टचडाऊन (चेंडू गोलरेषेपार नेणं) होईलच असं नाही, मग सगळी भिस्त किकरवर, म्हणजे लाथेने चेंडू गोलखांबांमधून मारणाऱ्यावर. लेक बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवतो, त्याला न्यायला गेले की आमच्या किकरचा सराव दिसतो. ४० यार्डांवरून आरामात मारतो. तुमचा एक्स्ट्रा पॉइंटलाही (टचडाऊननंतरच्या जवळच्या किकलाही) गडबडतो, दोनदा पाहिलंय.