जुन्या टीव्ही बातम्यांच्या १६ एमएम रिळांना व्हिनेगरचा वास येतोय, काय करू?

प्रश्न:
एका बंद पडलेल्या छोट्या टीव्ही केंद्राची साठेक रिळं माझ्याकडे आलीत, सगळी १६ एमएम, बहुतेक १९६०-७० च्या काळातल्या बातम्या. डबे गंजलेत आणि काही उघडले की व्हिनेगरचा वास नाकात जातो. प्रोजेक्टर मिळतोय, तर एकदा लावून बघू का आत काय आहे ते? आणि स्कॅन झाल्यावर मूळ रिळं ठेवावीच लागतात का?

उत्तर १:
प्रोजेक्टरवर लावू नका प्लीज!! वास येतोय म्हणजे ॲसिटेट, म्हणजे फिल्म ज्या प्लास्टिकची बनलीय तेच, सडायला लागलंय, त्यातून ॲसेटिक ॲसिड सुटतं आणि तेच ॲसिड पुढची सड वाढवतं. फिल्म आखडते, एखाद टक्का आखडली तरी प्रोजेक्टरचे दात फिल्मच्या कडेची भोकं फाडत जातात. त्यात टीव्हीवाले बहुतेक रिव्हर्सल फिल्म वापरायचे, म्हणजे निगेटिव्ह नसतंच, कॅमेऱ्यातून निघालेली फिल्म धुतली, कापली, जोडली आणि तीच बातम्यांत दाखवली. तुमच्या हातात आहे ती बऱ्याचदा जगातली एकुलती एक कॉपी असते.

उत्तर २:
वासाची रिळं आजच वेगळी काढा, बाकीच्यांना पण ॲसिडची वाफ लागते. ए-डी स्ट्रिप्स म्हणजे ॲसिड ओळखणाऱ्या कागदी पट्ट्या मिळतात, डब्यात ठेवायच्या, निळ्याच्या हिरव्या मग पिवळ्या होतात त्यावरून किती सडलंय कळतं. गंजके डबे बदला, हवा खेळेल असे प्लास्टिकचे घ्या आणि थंड कोरड्या जागी ठेवा.

उत्तर ३:
आवाजाचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. फिल्मच्या कडेला तपकिरी पट्टी दिसते का बघा, ती मॅग्नेटिक साउंड. ती असलेली रिळं आधी स्कॅनला द्या कारण पट्टीतल्या आयर्न ऑक्साइडमुळे फिल्म अजून लवकर सडते. स्कॅनरला ही पट्टी वाचणारं मॅग्नेटिक हेड आहे का हे आधी विचारा, नसेल तर चित्र येईल आणि आवाज राहून जाईल. हा आवाज चित्राच्या २८ फ्रेम पुढे असतो, ऑप्टिकल (फिल्मवरच चित्रासारखा छापलेला आवाज) असेल तर २६, त्यामुळे सिंक नीट तपासून घ्या.
आणि पट्टी नसेल तर आवाज गेला असं समजू नका, खूपशी फिल्म मुळात मुकीच शूट व्हायची आणि निवेदक स्टुडिओत बसून लाइव्ह वाचायचा. म्हणून डब्यातल्या चिठ्ठ्या, टाइप केलेले कागद, डब्यावरचं पेनाने लिहिलेलं, यातलं काहीही फेकू नका. मी अशी रिळं बघितलीत, एक माणूस उद्घाटनाची फीत कापतोय, मागे गर्दी, कोण कुठे कधी काहीच कळत नाही कारण डबे बदलताना कोणीतरी कागद टाकून दिले. फार वाईट वाटतं हो. प्रत्येक डब्याचा फोटो काढा, नंबर द्या, तोच नंबर कागदावर आणि फाइलच्या नावात.

प्रश्नकर्ता:
तपकिरी पट्टी अकरा रिळांवर आहे, त्यातल्या चारांना वास! प्रोजेक्टरचं कॅन्सल. पण मूळ रिळांचं काय?

उत्तर १:
ठेवायचीच. हार्ड डिस्क कधीही बंद पडते, फाइलचे फॉरमॅट बदलतात, आणि उद्या अजून चांगला स्कॅनर आला तर परत स्कॅन करायला मूळ फिल्मच लागणार. तुम्हाला शक्य नसेल तर कोल्ड स्टोरेज असलेल्या एखाद्या फिल्म अर्काइव्हला विचारा, कागदांसकट द्या. ती चार मात्र आधी स्कॅनला पाठवा, बाकीची यादी नंतर करत बसा.